डावीकडचा पाच

मी दातांचा डॉक्टर. माझ्या खुर्चीतल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून मी इतका बडबड्या झालो, असं बायको म्हणते.

त्या सकाळी खुर्चीत नाणेसंग्राहक मंडळाचे चिटणीस होते. दाढ पार किडलेली. मी सुई दिली, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि खिशातून माझं चिनी नाणं काढलं. काशाचं, ओतीव, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या दोन बाजूंना दोन अक्षरं. मी त्यांच्या डोक्यामागे बसलो होतो. तिथूनच हात पुढे करून नाणं त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. हे डमरूसारखं अक्षर म्हणजे पाच. ते उजवीकडे असायला हवं. माझ्या नाण्यावर डावीकडे! साचा कोरणारा चुकला. अशी नाणी फार दुर्मीळ."

चिटणीसांचे डोळे विस्फारले. मला वाटलं, दिपले बिचारे.

"उओ... उओ..."

"दुखतंय का?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली. मी आणखी एक सुई टोचली. मग ते हवेत बोट फिरवू लागले. 'आटपा' म्हणत असतील, असं समजून मी हात भराभर चालवला. तोंड तर चालूच होतं.

दाढ निघाली. चिटणीस उठले, बोळे थुंकले, माझ्या तळहातावरचं नाणं त्यांनी अर्धं फिरवलं. पाच उजवीकडे आला.

"उलतं धलं होतं," ते जड जिभेनं म्हणाले.

डमरू उलटा केला तरी डमरूच दिसतो. दुसरं अक्षर पाहिलं असतं तर कळलं असतं, पण ते मला वाचता कुठे येत होतं!

चिटणीसांनी भिंग मागितलं. जीभ सैल होईपर्यंत ते नाणं न्याहाळत बसले.

"डॉक्टर, पाचातल्या तिरप्या रेघा सरळ आहेत. पुढे पुढे त्या बाकदार होत गेल्या. म्हणजे हे सुरुवातीच्या काळातलं. कडेवर कानशीच्या खुणाही आहेत. साच्यातून काढल्यावर घासायचे. अस्सल आहे हो!"

"आणि दुर्मीळ?" मी आशेनं विचारलं.

"छे! पोत्यांनी सापडतात."

तरी पुढच्या महिन्यात मंडळानं मला भाषणाला बोलावलं. नवा सूट शिवला. विषय चिटणीसांनीच ठरवला होता : हिरड्यांची निगा.