पेटीची वाटणी

येडशीकडच्या शिवारात वाटणीचा एक जुना नियम आहे: जो वाटे पाडतो, त्यानं शेवटी उचलायचं. त्यामुळं वाटे पाडणारा माणूस तेवढा दिवस तरी देवासारखा वागतो. बलभीमनं जमीन, बैल, भांडी, अगदी कडब्याच्या पेंढ्यासुद्धा अशाच वाटल्या आणि धाकट्या धोंडीबानं आधी उचललं. जुनं घर सोडून नवं घ्यायचंही धोंडीबानंच ठरवलं. कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते मधमाश्यांच्या पेटीशी.

पेटी एकच होती. बलभीमनं तालुक्याला प्रशिक्षण घेऊन ती आणली होती आणि धोंडीबानं डंख खाऊन ती वाढवली होती, म्हणजे हक्क दोघांचा सारखाच. तूर फुलावर आल्यावर बलभीमनं दुसरी रिकामी पेटी आणली आणि पोळ्याच्या चौकटी वाटल्या, एक हिच्यात, एक तिच्यात. मध, अंडी, पिलं, सगळं तोलून. मग म्हणाला, "उचल." धोंडीबानं नव्या रंगाची उचलली. नवं ते चांगलं, हे त्याचं ठाम मत होतं.

जुनी पेटी होती तिथंच राहिली, नवी बांधापलीकडं धोंडीबाच्या रानात बसली. राणी जुनीत निघाली. नवीतल्या माश्यांनी अंड्यांतून आपली राणी घडवली, तीही अंडी घालू लागली. तरी पेटी धरेना. करडई पिवळी झाली तेव्हा बलभीमच्या पेटीत माश्यांना उभं राहायला जागा नव्हती आणि धोंडीबाच्या पेटीत जेमतेम दोन चौकटी झाकल्या होत्या. धोंडीबा रोज झाकण उघडून बघायचा. वेगळ्या निघालेल्या सुनेच्या चुलीत सासू डोकावते, तसा.

एक दिवस तो बांधावर येऊन उभा राहिला. अलीकडं बलभीम आणि त्याची बायको तुळजाबाई भाकरी खात बसले होते.

"वयनी," धोंडीबा म्हणाला, "मोठ्या मालकाला इचारा, राणी त्यांच्याकडंच कशी ऱ्हायली?"

"भावजी, पेटी तुमीच उचलली की."

"उचलली व्हय. पर वाटे कुनी पाडले?"

"इचारू का त्यांला?"

"ऱ्हाऊ द्या. ऐकू आलं आसंल."

"त्याला सांग," बलभीम भाकरीकडं बघत बायकोला म्हणाला, "रोज झाकन उघडू नगं. आत गारठा जातो."

"बघा वयनी. ह्यांची पेटी भरली, आता सल्ला बी फुकट."

बलभीमला भाकरी गोड लागली नाही. प्रश्न मधाचा नव्हता. ती पेटी मेली तर धोंडीबाचा संशय पेटीशी थांबणार नव्हता. माश्यांत फसवलं तर विहिरीच्या पाण्याच्या पाळीत का नसेल, जमिनीत का नसेल, असं करत तो पार भांड्यांपर्यंत मागं जाईल. आपली भरलेली पेटी उचलून त्याला द्यावी, तर ती कबुलीच झाली असती. तेव्हा जगायला हवी होती ती तीच पेटी.

तो आपल्या पेटीजवळ बसून राहिला. धोंडीबाच्या करडईवरून माश्या पायांना परागाचे गोळे लावून येत, धोंडीबाच्या पेटीवरून सरळ पुढं जात आणि बलभीमच्या पेटीत शिरत. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. चौकटी निम्म्या झाल्या होत्या, पण कमावत्या माश्यांना पेटी ओळखीची नव्हती, जागा ओळखीची होती. वाटणीनंतर उडाल्या आणि सवयीनं जुन्या जागी परतल्या. पलीकडं उरली ती पिलं सांभाळणारी मंडळी आणि खाणारी तोंडं. एवढा तोल सांभाळला आणि येणंजाणं तेवढं वाटायचं राहिलं.

जुनं घरही त्याच्याच वाट्याला आलं होतं. पाहुणेरावळे, सोयरे, सगळे अजून त्याच दारात येत. धोंडीबाच्या नव्या दारात फक्त वीजबिल यायचं. हे त्यानं आजवर मोजलंच नव्हतं.

"धोंड्या," तो बांधाकडं जात थेट म्हणाला. "पेट्यांच्या जागा बदलू."

इतक्या दिवसांनी थेट हाक आल्यानं धोंडीबा दचकला. वहिनी कुठं दिसते का, म्हणून त्यानं आधी इकडं तिकडं पाहिलं.

"म्हंजी माझी पेटी तुमच्या रानात?"

"अन् माझी तुझ्या. कमावत्या माशा जुन्या जागी येत्यात. तिथं तुझी पेटी आसली की तिच्यात शिरतील."

"अन् मध?"

"ज्याची पेटी त्याचा."

"परक्या माशा घुसल्यावर आतल्या भांडनार न्हाईत?"

"पाय भरून आलेल्याला दारातली माशी आडवत न्हाय."

धोंडीबानं थोडा विचार केला. "आण्णा, हे शिकवलेलं हाय का आत्ता जुळवलं?"

"निम्मं निम्मं."

दिवस मावळताना दोघांनी दोन्ही पेट्या उचलून बांध ओलांडला. पेट्यांच्या स्टँडच्या पायांखाली, मुंग्या चढू नयेत म्हणून, पाण्याच्या वाट्या ठेवल्या. बलभीमची पेटी जरा ओसरली आणि धोंडीबाची हळूहळू भरू लागली. आता आपली पेटी बघायची म्हणजे दुसऱ्याच्या रानात जाणं आलं. तुळजाबाईचं निरोप पोचवायचं काम गेलं, त्याचं तिला फारसं दुःख झालं नाही.

करडई काढायला आली तेव्हा बलभीम म्हणाला, "भरली की आता. पुन्हा जागच्या जागी ठिवू?"

"आत्ता नगं," धोंडीबा म्हणाला. "बिचकतील."

त्याच आठवड्यात तामलवाडीचे मामा आले. सवयीनं जुन्या दारात चप्पल काढायला वाकले.

"मामा, हितं न्हाय," बलभीम म्हणाला. "आधी धोंड्याकडं. च्या तिकडं."

"का रं? घरात साखर न्हाय का?"

"हाय की," बलभीम म्हणाला आणि त्यांची पिशवी उचलून पुढं निघाला. मामांनी काढलेली एक चप्पल परत घातली.