चिंगीचं वकीलपत्र

चिंगीच्या तोंडात 'क'चा 'त' व्हायचा, 'ग'चा 'द' आणि 'ळ'चा 'ल'. घरात त्याचं कौतुकच होतं. चार वर्षांची पोर, बोलेल हळूहळू, असं म्हणून सगळे हसून सोडून द्यायचे. आत्याही हसायची. पण चिंगी आत्याच्याच बालवाडीत येऊ लागली आणि तिथली मुलं हसली, तेव्हा मात्र आत्याच्या काळजात चर्र झालं. आपण हसलो की कौतुक आणि दुसरा हसला की चिडवणं, माणसाचं असंच असतं.

तरी चिंगीला एक मैत्रीण मिळाली होती. गाल फुगलेले म्हणून सगळे तिला भोपळी म्हणत. दोघी कोपऱ्यात घर-घर खेळायच्या. भोपळी दर वाक्याला "काय?" विचारायची. चिंगी पुन्हा सांगायची, हातवारे करायची, शेवटी भोपळीचं मुंडकंच धरून हव्या त्या वस्तूकडे वळवायची. "हां, कप!" म्हणून भोपळी तो द्यायची. कधी जुंपायचीही दोघींची.

आत्याला ते "काय? काय?" ऐकवेना. तिने भाचीचं वकीलपत्रच घेतलं. चिंगीने तोंड उघडायचा अवकाश, आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाहून सांगायची, "अगं, तिला कप हवाय." काम चुटकीसरशी व्हायचं. किती सोपं झालं पोरीचं, असं आत्याला वाटायचं.

पण झालं भलतंच. चिंगी समोर उभी असताना मुलं आत्यालाच विचारू लागली, "बाई, ही काय म्हणते?" हळूहळू चिंगी मुलांशी बोलेनाशी झाली आणि आत्याचा पदर धरून फिरू लागली. भोपळीने दुसरी मैत्रीण केली. तिच्याशी बोलायला मध्ये बाई लागत नव्हत्या.

शेवटी वहिनीने, म्हणजे चिंगीच्या आईने, तिला उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. आत्याही गेली.

"उच्चार सुधारतील हो," त्या बाई म्हणाल्या. "पण वर्गात हिच्या वतीने कोण बोलतं?"

"या आमच्या वन्सं," वहिनी अभिमानाने म्हणाली. "फार जीव आहे त्यांचा."

आत्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी आत्याने तोंडाला कुलूप घातलं. भोपळी आणि तिची मैत्रीण ठोकळ्यांचं घर रचत होत्या. चिंगी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण बघत होती आत्याकडे. आत्या खाली मान घालून रंगीत कागद कापत राहिली. बोल ना गं, तिला म्हण ना, असं तिचं मन ओरडत होतं.

चिंगी परत आली आणि आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, त्यांना सांद ना, मला घ्या."

"तूच सांग, राणी. भोपळीला कळेल."

"नाही तलत," चिंगी म्हणाली. रडली नाही, रुसली नाही, समजूत घालावी तसं तिने सांगितलं, "त्यांना फत्त तुझं तलतं."

आणि ती आत्याच्या मांडीवर बसून तिथूनच त्यांचा खेळ बघू लागली.