वाचणाऱ्याच्या गळ्यातला खुनी

जयमालाबाईंना खुनी शोधायला पुरावे लागत नसत. बोटांचे ठसे, चिखलातली पावलं, बंद पडलेलं घड्याळ हे सगळं पुस्तकातल्या इन्स्पेक्टरसाठी. बाईंना वाचणाऱ्याचा गळा पुरायचा.

त्या दिवशी कतारमधल्या अल खोरच्या घरात ओट्याशी उभ्या राहून त्या मेथी निवडत होत्या, नजरेनं नव्हे, बोटांनी. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून कुणी एक भारदस्त पुरुष रहस्यकथा वाचत होता. कथेतल्या बंगल्याचं दार करकरलं (करकर वेगळी वाजवली होती) आणि धाकटे वकीलसाहेब आत आले. नमस्कार, ते म्हणाले, मला जरा उशीर झाला का?

"हाच," जयमालाबाई म्हणाल्या.

बारावीतली रुचा फ्रिजपाशी उभ्यानं दही खात होती. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीतून येई. "आई, इट्स चॅप्टर वन. नोबडी हॅज इव्हन डाइड."

"मरेल कुणीतरी. मारणारा हा. बाकीच्यांचे नमस्कार पोत्यातून बटाटे ओतावेत तसे ओतले त्यानं, आणि याच्या नमस्काराला साय लावली. वाचणाऱ्याला शेवट ठाऊक असतो ना बाळा, आणि तो त्याच्या पोटात राहत नाही. खुनी आत आला की यांचा आवाज मऊ होतो."

रुचानं फोन उचलला, सरळ शेवटच्या प्रकरणावर नेला, कानाशी धरला. मग मुकाट्यानं डब्याला टेकवून ठेवला.

"वकीलच ना?"

"दॅट्स क्रीपी, आई."

"क्रीपी नाही. यांना काम येत नाही, दुसरं काय."

ऐकणं बाईंनी आवडीनं धरलेलं नव्हतं. साखरेच्या आजारानं उजवा डोळा गेल्या वर्षी गेला, आत रक्त उतरलं आणि पडदा पडला तो पडलाच. डाव्यात दोह्याच्या हॉस्पिटलात इंजेक्शनं चालू होती. डाव्यानं माणूस दिसे, दार दिसे, अक्षर मात्र पाण्याच्या तळाशी पडल्यासारखं हलत राही. इंजेक्शनं संपली की अक्षरं जागेवर येतील असं बाईंनी धरून ठेवलं होतं. न आली तर काय, हा प्रश्न त्या कुणाला विचारू देत नसत. स्वतःलाही नाही. तोवर हे ऐकणं म्हणजे घर रंगवायला काढल्यावर शेजाऱ्यांकडे मुक्काम करावा, तसं. आणि शेजाऱ्यांच्या घराला माणूस नावं ठेवतोच.

बाई ती सढळ हातानं ठेवत.

कंपनीच्या त्याच वसाहतीत, दोन घरं सोडून राहणारी विभावरी त्यांना नवनवी ऑडिओ पुस्तकं सुचवायची आणि बाई तिला अभिप्राय बोलून पाठवायच्या. विभावरी ते गाडी चालवताना ऐके आणि म्हणे, पुस्तकापेक्षा हेच बरं.

"विभावरी, तू म्हणालीस ते लावलं. निम्मं पावसात गेलं. लेखकानं लिहिलंय, पाऊस पडत होता. एवढंच. यांनी नळच सोडून ठेवलाय. त्या नळाखाली नायिका काय बोलली ते तिलाच ठाऊक. आणि पुरुषाला बाईचा आवाज काढायचा म्हटलं की तो नाकात का बोलतो गं? आपण नाकात बोलतो का? विधवा असली की नाक चोंदलेलं, कॉलेजातली असली की मोकळं, एवढाच काय तो अभिनय."

दुसऱ्या एका पुस्तकाला वाचणारी बाई होती. तिच्यावर जयमालाबाईंचा जास्त राग. "ही रडते. मुडदा सापडल्यावर रडली, समजू शकते. ही पोस्टमन आला तरी रडते. अगं, रडायचं मी. स्वयंपाकिणीनंच चाखून चाखून पातेलं संपवलं तर पंगतीनं काय करायचं?"

रुचाच्या फोनवरची इंग्रजी पुस्तकंही सुटली नाहीत. कुणी लंडनचा साहेब वाचायचा, फार नावाजलेला म्हणे. त्याच्या गोष्टीत हिंदुस्थानी डॉक्टर बोलायला लागला की त्याची मान हलतेय हे कानाला दिसायचं.

लेखकही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. हल्ली म्हणे मुद्दाम ऐकण्यासाठी लिहितात. त्यात जो तो उठून दचकतो. फोन वाजला, दचकली. मांजर आलं, दचकली. जयमालाबाईंचं म्हणणं, इतकं दचकणाऱ्या बाईचा खून करण्यात कुणी वेळ का घालवावा, ती आपसूक जाईल.

बाईंचे यजमान वसंतराव हे सगळं ऐकत आणि पोहे खात. ते रास लफानला गॅसच्या प्लँटमध्ये कंट्रोल रूमला होते. रात्रपाळी संपली की कंपनीची बस सकाळी त्यांना वसाहतीच्या दारात सोडी. आंघोळ, पोहे, मग जाड पडदे ओढून झोप. असेच एकदा ते आले आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून बाईंच्या हातात ठेवलं. मराठी मंडळाच्या कपाटातलं. वरचं कव्हर गेलेलं. बाईंनी कडा चाचपल्या आणि ओळखलं. डोळा गेला तेव्हा हेच चालू होतं. साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये चेअरमन खुर्चीत मेलेले, दार आतून बंद, आणि तिथेच त्यांचं वाचन थांबलं होतं. त्याचं ऑडिओ अजून कुणी केलं नव्हतं. बाईंच्या मते म्हणून ते अजून सोवळ्यात होतं.

"मी वाचून दाखवतो," वसंतराव म्हणाले.

"तुम्ही?"

"का? येतं की मला वाचता."

"तुम्ही लग्नाची पत्रिका वाचलीत तरी कुणाचा तरी पगार कापल्यासारखं वाटतं."

"मग डोळ्याची वाट बघ," ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली. बाईंनी पुस्तकाच्या कडा पुन्हा चाचपल्या. मग म्हणाल्या, "वाचा. पण तोंड धुऊन या, पोह्याचं तोंड घेऊन खून वाचू नका."

ते वाचत ते वॉकीटॉकीवर आकडे सांगावेत तसं. प्लँटमध्ये प्रेशर किती, टेंपरेचर किती, हे सांगताना आवाजात भावना घालून चालत नाही. पलीकडच्या माणसानं घाबरायचं की नाही ते आकड्यानं ठरवायचं, सांगणाऱ्यानं नाही. तीच रीत त्यांनी चेअरमनना लावली. "चेअरमन खुर्चीत बसलेले होते. त्यांचे डोळे उघडे होते. टेबलावर पान्याचा ग्लास होता. पान एकशे बारा."

"पानाचा नंबर कशाला वाचता?"

"मधे आला. लिहिलेलं सोडायचं कसं?"

"आणि पान्याचा नाही, पाण्याचा."

"तेच म्हनलो ना."

बाईंनी विभावरीला कळवलं, "घरचा वाचक ठेवलाय. धाराशिवचा माल. खून आणि खिचडी एका चालीत वाचतो. मधेच डुलकी लागते, मग प्रेत तासभर तसंच पडून राहतं."

असे काही दिवस गेले. आणि एका सकाळी शेंगा सोलताना बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला खुनी कळलेला नाही. सगळे संशयित येऊन गेले होते. चेअरमनचा मेहुणा, चीफ केमिस्ट, गेस्ट हाउसचा माळी, डॉक्टर. पण वसंतरावांच्या तोंडून सगळे एकाच मापाचे बाहेर पडले होते, साय कुणालाच नव्हती. बाईंनी विचार केला आणि त्यांना कारण सापडलं. या माणसाला शेवटच ठाऊक नव्हता. तेही त्याच पानावर होते.

त्यांनी ताबडतोब फर्मान काढलं. पुस्तक फ्रिजवर राहील. बसमध्ये न्यायचं नाही, पुढचं चाळायचं नाही.

"मला कुठं पडलीय," वसंतराव म्हणाले. पण पडली होती. जेवताना ते म्हणत, "मला तो माळी बरोबर वाटत नाही बग."

"काल डॉक्टर बरोबर वाटत नव्हते. तुमच्याकडे जो शेवटी आत आला त्याला फाशी. उद्या दूधवाला आला तर त्याची खैर नाही."

विभावरीला मात्र बाई नावंच ठेवून सांगत. हा माणूस वाईट वाचतो, पण भेसळ करत नाही, एवढंच एकदा त्यांच्या तोंडून निसटलं.

मग इंजेक्शनांचा कोर्स संपला आणि दोह्याला तपासणीची तारीख आली. बाईंच्या डोळ्यात थेंब घातले, यंत्रासमोर बसवलं, पुन्हा थेंब घातले. पांढऱ्या उजेडात त्या बाकावर बसून राहिल्या. वसंतरावांना डॉक्टरांनी आत बोलावलं. दार मऊ रबराचं असावं, करकरलं नाही.

"काय म्हणाले?" गाडीत बसल्यावर बाईंनी विचारलं.

"बघू म्हणाले. पुढच्या वेळी परत तपासू. इन्शाल्ला."

रस्त्यानं वसंतरावांनी कडक चहा घेतला, बाईंना बिनसाखरेचा घेऊन दिला. थेंबांमुळे बाईंना सगळा रस्ता दुधात बुडाल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतरावांना सुट्टी होती. रुचा शाळेत गेली. बाई शेंगा घेऊन बसल्या. वसंतरावांनी फ्रिजवरून पुस्तक काढलं, खूण उघडली आणि वाचू लागले.

"मेहुणा आत आला. 'ताई,' तो म्हणाला, 'तुम्ही बसा.'"

बाईंचा हात थांबला. "थांबा. तुम्ही पुढचं वाचलंत."

"नाही."

"वाचलंत. मेहुणा आहे खुनी. त्याचं 'बसा' केवढं गोड काढलंत. शेवटी तुम्हीही त्यांच्यातलेच."

"अगं, हातसुद्धा लावला नाही. रुचाची शपथ."

रुचाची शपथ ते उगाच घेत नसत. बाईंनी एक शेंग फोडली. "बरं. वाचा."

ते वाचू लागले. माळी आला, त्याच्याही तोंडात साय. चीफ केमिस्टनं कुणाला तरी दम दिला, तो अंगाईसारखा दिला. मागच्या अंगणात कुत्रा भुंकला, आणि वसंतरावांनी ते असं वाचलं की कुत्र्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवत होतं. बाई ऐकत राहिल्या. पुस्तकात सगळेच खुनी असणं शक्य नव्हतं. इतका वाईट लेखक नव्हता तो.

वसंतरावांनी पान उलटलं. कागदाचा आवाज आला. नंबर त्यांनी वाचला नाही.

बाईंनी शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. या माणसाला एक शेवट ठाऊक झाला होता, आणि तो या पुस्तकाचा नव्हता.

"काल डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं की तुला. बघू म्हणाले." त्या 'बघू'ला तर बोटभर साय होती.

"अहो, पुस्तक मिटा. आणि आता सांगा. वॉकीवर सांगता तसं. सपाट."

एसीची घरघर चालू होती. वसंतरावांनी पुस्तक मिटलं, गुडघ्यावर ठेवलं, घसा खाकरला. मग बोलले, आणि त्यांना मानलं पाहिजे, बाईंनी सांगितलं तसंच बोलले.

"उजवा डोळा. काही होणार नाही. डावा डोळा. सूज उतरली. मधला भाग मेलेला आहे. माणूस दिसेल. घरात फिरता येईल. अक्षर दिसणार नाही. इंजेक्शन चालू ठेवायचं, आहे तेवढं राखायला."

"चष्म्यानं?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"विचारलं मी. दोनदा विचारलं. नाही म्हणाले."

"भिंग असतं मोठं, दिव्याचं."

"तेही विचारलं. पाटी वाचता येईल. पुस्तक नाही."

जयमालाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक शेंग घेतली, तिच्यात दाणे किती ते अंगठ्यानं बघितलं, पण फोडली नाही. ती तशीच हातात राहिली. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना पिकपिक करत होती. ती थांबली. डावा डोळा त्यांनी एकदा पुसला, पदरानं, जोरात, भांडं पुसावं तसा.

"म्हणजे तो नाकात बोलणारा," त्या म्हणाल्या, "आणि ती रडूबाई. जन्मभर."

"मी आहे की."

"तुम्ही तर पान्याचा ग्लास."

"शिकीन."

"नका शिकू," बाई म्हणाल्या. "शिकलेल्यांनीच वाट लावलीय. आहात तसे राहा. आणि एक सांगून ठेवते. माझ्यापाशी पुन्हा साय लावून बोलायचं नाही. पुस्तकातलं असो, डॉक्टरचं असो, मरणाचं असो. जे लिहिलंय ते वाचायचं. मला कळतं हो सगळं. तुमच्या आधी कळतं."

वसंतरावांनी मान हलवली असावी. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की ते बाईंना नीट दिसणार नाही, कारण ते "हो" म्हणाले. त्या 'हो'च्या शेवटी आवाज चिरकला.

"रडत वाचणारे मी आधीच बंद केलेत," बाई म्हणाल्या. "तोंड धुऊन या."

ते उठले. बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला, कुठल्याही रहस्यकथेतल्या पावसाइतका. बाईंनी तो वाहू दिला. तेवढ्यात त्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे तीनच होते, त्यातला एक किडका. किडका बाजूला टाकला.

वसंतराव येऊन बसले. पुस्तक उघडलं. खूण शोधायला वेळ लागला, कारण मघाशी पुस्तक मिटताना ते खूण ठेवायला विसरले होते.

"पान एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. "ते मघाशी राहिलं होतं."

"हं."

"मी मागनं घेतो. मेहुणा आत आला. ताई, तो म्हणाला, तुम्ही बसा."

यावेळी मेहुणा गोणपाटासारखा आत आला. खुनी असेल, नसेलही. बाईंनी कान देऊन ऐकलं, आणि त्यांना काही म्हणता काही कळलं नाही.

"पुढे," त्या म्हणाल्या.