खाणीच्या पाण्याची पहिली दुपार

"छत्तीस पूर्णांक दोन!" मी माइकवर इतक्या जोरात ओरडले की स्पीकरने शीळ घातली.

"गो गौरवी, आमी हांगाच आसांव मगो!" पहिल्या रांगेतून सखारामकाका म्हणाले. अख्खा हॉल हसला. गेल्या वर्षीची मी असते तर तिथेच रडले असते. आज मीही हसले. दर दहा मिनिटांनी तापमान सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी मागून घेतलं होतं!

एप्रिलचं ऊन, आमच्या सुर्लातल्या शाळेचा पत्र्याचा हॉल, आत निम्मा गाव. मागे बंद खाणीचा खड्डा, काठोकाठ भरलेला. कोल्हापूरहून आलेल्या इंजिनियर वर्षा मॅडम सांगत होत्या, की परदेशातल्या शहरांत मोठमोठ्या इमारती तळ्याच्या पाण्याने गार करतात. तळाजवळचं थंड पाणी पाइपने आणायचं, पंख्यांमागच्या नळ्यांतून फिरवायचं आणि परत तळ्यात सोडायचं. इथे जमलं तर पुढे डिचोली शहरातल्या इमारती. त्यासाठी दोन वाजेपर्यंत हॉल तिसाखाली यायला हवा होता.

पंचायतीची एकच अट होती, खड्ड्यातलं पाणी बाहेर जाता कामा नये. खाण चालू असताना खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस उपसा चालायचा आणि गावाच्या विहिरी आटायच्या. खाण बंद पडली, खड्डा भरला, तेव्हा कुठे विहिरींना पाणी आलं.

तो उपसा करणारे माझे बाबा. शिवदास पंपवाले, बावीस वर्षं. आजची चाचणी जमली तर ही यंत्रणा तेच सांभाळणार होते. नाहीतर सोमवारपासून धारगळला, हायवेवरच्या हॉटेलात वॉचमन.

पाणी ओढायचा पाइप खड्ड्यात कुठे सोडायचा हेही त्यांनीच सांगितलं होतं. मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं, तर बाबा म्हणाले, "थंय नाका मॅडम. खाणीच्या तिसऱ्या पायरेर सोडा. थंय झर आसा, बर्फासारको. बावीस वर्सां ताणें माका सुखान जेवूंक दिवंक ना."

आणि खरंच की! पंप सुरू झाला, पंख्यांतून गार वारा आला आणि आकडे घसरायला लागले. चौतीस. तेहतीस. बत्तीस पूर्णांक एक! पोरं माझ्याबरोबर ओरडायला लागली. सखारामकाकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "थंडी वाजता रे," ते म्हणाले आणि पुन्हा हशा. साडेबाराला एकतीस. मी नाचायचीच बाकी होते.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून खालचा ओहोळ दिसला. एप्रिलमध्ये कोरडा असणारा ओहोळ चकाकत होता.

माइक तसाच ठेवून मी मागच्या दाराने पळाले. बाबा पंपाशी उभे होते, कान मोटारीकडे, चेहरा असा खूश की सांगवेना.

"बाबा, परतीचा पाइप खंय सोडलात?"

"खंय म्हणजे? थंय, गटारान..." ते बोलता बोलता थांबले. काल संध्याकाळी त्यांनी तो पाइप बावीस वर्षांच्या सवयीने उपशाच्या जुन्या गटारात टाकला होता. खड्ड्यातून येणारं पाणी बाहेरच जायचं असतं, हेच हातांना ठाऊक. ते ओहोळाकडे बघत राहिले.

"अजून कोणाक कळूंक ना," मी हळूच म्हणाले. मला अजून त्याची लाज वाटते.

बाबांनी बटण बंद केलं.

"वच. माइकार सांग. चूक शिवदासान केली म्हण."

मी गेले. आवाज कापला नाही. "पंप थांबवला आहे. परतीचा पाइप ओहोळाकडे गेला होता. चूक माझ्या बाबांची आहे. ते आता तो फिरवतायत."

सखारामकाका उठले. "एकट्याक उखलचो ना तो पाइप," असं पुटपुटत बाहेर गेले. त्यांची विहीर नऊ वर्षं कोरडी होती.

पाइप फिरवायला पाऊण तास गेला. तोवर पारा परत चौतिसावर. पंप पुन्हा सुरू झाला, आणि दोन वाजता मी वाचलं, "तीस पूर्णांक चार."

हुकलं.

वर्षा मॅडम वहीत लिहीत होत्या. सरपंचांनी मान वाकवून वाचलं. 'पंप पाऊण तास बंद, ऑपरेटरने स्वतः थांबवला.' दोघं काहीतरी बोलले. सरपंचांनी मान डोलावली.

बाबा दारात आले होते, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. दिवसभरात ते हॉलमध्ये आलेच नव्हते.

"सोमवारी किती वाजता येता, शिवदास?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी हात शर्टाला पुसले. "साताक. पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करूंक जाय."

कार्यक्रम संपला होता, तरी कोणी उठेना. बाहेर ऊन रणरणत होतं. सखारामकाकांनी बाकावर सरकून जागा केली. बाबांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, चिखलाचे पाय बाकाखाली ओढून घेतले आणि डोळे मिटून बसले. पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते.