डोंगऱ्याचा आवाज

तिला सगळे सूचनाताईच म्हणत. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून दिवसभर माइकमध्ये बोलायचं, हे तिचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची छत्री सापडली. आवाज एकदम सपाट, इस्त्री केलेल्या चादरीसारखा. गाडी वेळेवर असो की रद्द, स्वरात तसूभर फरक नाही. आणि प्रत्येक सूचना दोनदा, कारण पहिल्यांदा लोक नुसते दचकतात आणि दुसऱ्यांदा ऐकतात, असं तिचं म्हणणं. आता माणसाने कामावरचा आवाज कामावर ठेवून घरी यावं की नाही? पण जित्याची खोड! "जेवायला चला, जेवायला चला," हे घरातही दोनदाच व्हायचं. त्यावर नवरा "फलाट क्रमांक?" असं विचारायचा आणि बोलणी खायचा.

चर्चमध्येही महिन्यातून एकदा शास्त्रवाचनाची पाळी तिची, कारण उच्चार स्वच्छ. आधी वाचून ठेवायचं वगैरे नाव नाही. समोर आलं की वाचून मोकळं व्हायचं, स्थानकावर करतात तसं. एकदा तर तिने देवदूताचा निरोप सवयीने दोनदा वाचला. मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी खूश झाली, कारण पहिल्या वेळी त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण एका सोमवारी थोरलीने जेवताना जाहीर केलं, "मी आता चर्चला येणार नाही. देव कंटाळवाणा आहे." थोरली म्हणजे नऊ वर्षांची, पण नाकावर माशी बसू देत नाही.

"काहीतरीच काय बोलतेस गं!"

"तूच तर वाचतेस ना, आई. तो बोलायला लागला की वाटतं, गाडी उशिरा येणार आहे."

नवऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. पाच वर्षांचा धाकटा काही न कळता खिदळला. सूचनाताईला मात्र हसू आलं नाही. पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. प्रार्थना चुकत नव्हती, रविवार चुकत नव्हता, पण देवाच्या नावाने शेवटचा आनंद कधी झाला होता, ते तिला आठवेना. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्या हातून पोरांना देव मिळणार तो असा, वेळापत्रकासारखा. ही गोष्ट तिला आतून कुरतडायला लागली.

"या रविवारी माझी पाळी आहे," ती शेवटी म्हणाली. "तेवढा एक ये. मग तुझं तू ठरव."

"शेवटचा हं," थोरली म्हणाली.

त्या आठवड्यात रोज जेवणं झाली की तिघं पलंगावर बसून एक जाडजूड गोष्टीचं पुस्तक वाचत होती. वाचनालयातून थोरलीनेच उचलून आणलेलं. त्यात एका डोंगराखाली मुठीएवढी माणसं राहत होती आणि त्यांचा शेजारी होता डोंगऱ्या, झाडाएवढा उंच. ही चिमुरडी माणसं त्याची सारखी टिंगल करत. पुढे धुक्याच्या राणीने डोंगरच पोखरला. तो कोसळायला लागला तेव्हा डोंगऱ्याने तो खांद्यावर तोलून धरला आणि ओरडला, "पळा!" सगळी पळाली, वाचली. मग डोंगर त्याच्यावर बसला. धडा संपला.

"मेला?" धाकट्याने विचारलं.

"उद्या बघू."

"उद्या नाही! पुढं काय झालं?"

पुढं काय झालं! गोष्ट सुरू झाल्यापासून पोरांनी याच प्रश्नाने तिला भंडावून सोडलं होतं. शेवटी तिने पान उलटलं. मुठीएवढी माणसं नदीकाठी माना खाली घालून बसली होती, रडत होती. आणि त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, "काय मंडळी, खाल्लंत का काही?"

सूचनाताईने हे वाचलं, आणि दोन्ही पोरं एकदम उसळली.

"नाही! हा डोंगऱ्या नाहीच!"

"अगं, लिहिलंय तेच वाचतेय."

"तो गाडी सोडतोय का?"

तिने आवाज जाड केला. "हे तर चर्चमधले पाळकसाहेब!" पोरं ओरडली. मग तिने तो खोल, थरथरता केला. "हा सर्दी झालेला डोंगऱ्या." कपड्यांच्या घड्या घालता घालता नवऱ्याने आपलं नशीब आजमावून पाहिलं, त्याला तर दारातूनच परत पाठवण्यात आलं.

थोरलीने कपाळावर हात मारला. "आई, तुला कळतंय का काही? डोंगर पडला होता त्याच्यावर! तो मेला होता! आणि आता त्यांच्या पाठीमागेच उभा आहे आणि त्यांना पत्ताच नाही. किती मज्जा वाटत असेल त्याला! हसू दाबून बोलतोय तो."

हसू दाबून? सूचनाताई पुस्तकाकडे बघतच राहिली. मरणातून परत आलेला गंभीरच असायचा, असं तिने लहानपणापासून धरून ठेवलेलं. पण का म्हणून? ज्याने एवढा डोंगर पाठीवर घेतला, आणि ज्याच्यावर आता कुठलाच डोंगर पडू शकत नाही, त्याने हसायचं नाही तर कुणी?

तिने ओळ पुन्हा वाचायला घेतली. गालात हसू धरून सुरुवात केली, "काय मंडळी..." आणि 'खाल्लंत का' म्हणेपर्यंत ते हसू असं फुटलं की पुढचं वाक्य त्यात वाहूनच गेलं.

"हाच! हाच तो!" पोरं पलंगावर नाचायला लागली. "परत! परत!"

तिने परत वाचलं, आणि परत. हसता हसता डोळे भरून आले आणि काही केल्या थांबेनात.

"बाबा, आई रडतेय का हसतेय?"

"दोन्ही," नवरा म्हणाला आणि घडीतला एक रुमाल तिच्या हातात दिला.

तिला सांगता येईना, पण आतून कुणीतरी दारं उघडत सुटलं होतं. येशू मरणातून उठलाय. तो खरोखरच उठलाय! हे तिला पाठ होतं, पण आनंदाची बातमी म्हणून ते आज पहिल्यांदा तिच्या कानावर पडत होतं.

रविवारी थोरली कबूल केल्याप्रमाणे आली आणि हाताची घडी घालून, शिक्षा भोगायला बसल्यासारखी बसली. सूचनाताई उभी राहिली. नेहमीप्रमाणे आधी काही बघितलं नव्हतं. खूण घातलेलं पान उघडून वाचायला लागली. येशूला क्रुसावर मारलं त्याला काही दिवस झाले होते. त्याचे शिष्य रात्रभर जाळी टाकून दमले होते, मासळी एक नाही. पहाट झाली. काठावर येशू उभा होता. पण तो येशू आहे हे त्यांना कळलं नाही.

इथे तिचा आवाज अडखळला. पुढची ओळ तिने नजरेने आधीच वाचली होती. तो त्यांना विचारत होता, मुलांनो, खायला काही आहे का?

अगं बाई! हा तर हसू दाबतोय!

मग तिने ते तसंच वाचलं. दुसरं कसं वाचणार? बाकांवर माना वर झाल्या. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला. थोरलीची घडी सुटली. जाळं मासळीने गच्च भरलं, एकाने त्याला ओळखून पाण्यात उडी घेतली, काठावर निखाऱ्यांवर मासे भाजत होते, आणि येशू म्हणाला, या, जेवा.

आणि सवय ती सवय. "या, जेवा," तिने दुसऱ्यांदा म्हटलं.

धाकटा बाकावरून उतरला आणि मधल्या वाटेने सरळ तिच्यापाशी चालत गेला.

"अरे, कुठे निघालास?" ती कुजबुजली, पण समोर माइक होता.

"त्याने बोलावलं ना," धाकटा म्हणाला. "दोनदा."

सगळं चर्च हसलं. मागच्या बाकावरचे म्हातारे तर टाळ्याच पिटायला लागले. धाकट्याला कडेवर घेऊन सूचनाताईने उरलेलं वाचन पूर्ण केलं, आणि ते तिथेच संपवावं लागलं याचं तिला वाईट वाटलं.

घरी जाताना थोरली धाकट्याचा हात धरून चालत होती. सूचनाताईने पुढच्या रविवारचं काही विचारलं नाही. बोलणं झालं होतं, शेवटचा म्हणजे शेवटचा. कोपरा वळल्यावर थोरलीने तिची बाही ओढली.

"आई, जेवले का ते सगळे?"

"जेवले ना. पोटभर."

"मग? पुढं काय झालं?"

सूचनाताई भर रस्त्यात थांबली, पोरीच्या उंचीला खाली वाकली आणि सांगायला लागली.