पोलिक्सेनीचा गोल चौक

लारिसा रस्त्यावरच्या चौकात सिग्नल बसवा, असं नगरपालिकेचा इंजिनियर स्टेर्गिओस वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि नगराध्यक्ष वर्षानुवर्षं मान डोलावत आले होते. मग नोकरीत नवी आलेली पोलिक्सेनी उठली, नकाशात चौकाच्या मधोमध वर्तुळ काढलं, त्यात ऑलिव्हचं झाड लावलं, आणि नगराध्यक्ष म्हणाले, “याला म्हणतात डोकं!”

स्टेर्गिओसने ते कौतुक तिच्या खात्यावर जमा धरलं. त्याच्या स्वतःच्या खात्यावर शेवटचं जमा झालं होतं ते लग्नात; तेही सासऱ्यांकडून, आणि अंगावरच्या सूटबद्दल.

त्याच्या सहीशिवाय काम सुरू होणार नव्हतं. तो खोड काढायलाच बसला, आणि सापडली! आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, म्हणून गोल चौकात शिरणाऱ्याचा मान पहिला. त्याला थांबवायचं तर प्रत्येक तोंडावर तशी पाटी हवी. पोरगी परदेशात शिकलेली. तिकडे आतला आधी जातो, हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की पाट्या दाखवायच्याच राहून गेल्या.

स्टेर्गिओसने झोकात सही ठोकली. उद्घाटनाला गाड्या एकमेकींवर आदळतील, पोलिक्सेनीचं तोंड पाहण्यासारखं होईल. रात्री घेवड्याच्या सुपाबरोबर तो हे चित्र चवीने चाखत होता.

“गालातल्या गालात हसतोयस,” बायको झाफिरिया म्हणाली. “त्या पोरीला कुणी झापलं वाटतं?”

“माझा काय संबंध?”

“काहीच नाही! तिचं नाव निघालं की पाव असा तोडतोस, जणू तिची मान. बरं, ती आज भेटली मला देवळीपाशी.”

चौकाच्या कोपऱ्यावरची ती देवळी, खुराड्याएवढी, झाफिरियानेच बांधलेली. तिथे उजवीकडून आलेल्या ट्रकने स्टेर्गिओसची गाडी चेपली होती. तो वाचला, म्हणून ती दर शनिवारी तिथे दिवा लावायची.

“म्हणाली, ‘मावशी, या चौकाची काळजी तुमच्याइतकी कुणाला? उद्घाटनाची पहिली गाडी तुम्हीच फिरवायची.’ गोड आहे हं पोरगी.”

स्टेर्गिओसच्या घशातच घेवडा अडकला.

सकाळी त्याने पोलिक्सेनीच्या टेबलावर नकाशा आपटला. “पाट्या कुठायत?”

ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, “काका, पण सही तर तुम्ही केलीत.”

“ती खोडायलाच आलोय. नकाशात पाट्या दाखव आधी!”

उद्घाटनाला झाफिरिया ऐटीत गोलात शिरली. उजवीकडून दूधवाल्याचा ट्रक भरधाव आला, पाटी पाहून कचकन थांबला, आणि ड्रायव्हरने पाटी लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. स्टेर्गिओसने तेव्हा कुठे रोखलेला श्वास सोडला.

पोलिक्सेनीने माइकवरून प्रामाणिकपणे सांगितलं, “या पाट्या स्टेर्गिओसकाकांमुळे लागल्या.”

“ऐकलंत?” नगराध्यक्ष गहिवरले. “आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही. या पोरीने स्टेर्गिओसकडूनसुद्धा काम करून घेतलं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टेर्गिओसने तोही तिच्याच खात्यावर मांडला. समोरून झाफिरिया हात हलवत गेली. तिची दुसरी फेरी चालली होती.