पुसलेले प्रश्न

"अगे, एक जागा बैठ की," गणवेशाच्या कॉलरी शिवता शिवता अम्मी म्हणाली. "मशीन मी चालवतेय आणि हालतेस तू."

पण हुस्नाला बसवेना. दुपारीच तिनं कोडकट्ट्याची वेबसाइट सुरू केली होती. कोडकट्टा म्हणजे सोलापूर, सांगोला, दुधनी अशा ठिकाणच्या, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या साठेक पोरापोरींचा व्हॉट्सॲप ग्रुप. दोन वर्षांत तिथं एकमेकांना ढिगानं उत्तरं दिली गेली, पण वर गेलेलं उत्तर पुन्हा हाताला लागेल तर शपथ. म्हणून हुस्नानं अख्ख्या सुट्टीत तीनशे बारा उत्तरं साइटवर चढवली, वर शोधायची चौकट केली आणि ग्रुपवर ऐटीत लिहिलं, "आता साइटवर शोधायचं. मिनिटात सापडणार."

पहिली शोधायला गेली दुधनीची जगदेवी. नववीतली, घरी कानडी बोलणारी, ग्रुपवर क्वचित तोंड उघडणारी. उद्या तिचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि शाळेतली कॉम्प्युटरची खोली पाचला बंद होणार होती.

"ताई, 'मराठी अक्षरं नीट दिसत नाहीत' असं टाकलं. काहीच आलं नाही," तिनं लिहिलं. सोबत फोटो. तिच्या प्रोग्रॅममधल्या यादीत नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं.

लगेच सांगोल्याचा महिपती टपकला. "मिनिट झालं की. का तुमच्या सोलापूरचं मिनिट लई मोठं असतंय?"

हुस्नानं स्वतः शोधून पाहिलं. शून्य. मग भराभरा सगळी यादी खाली ओढली आणि एक्केचाळिसाव्या उत्तरावर थांबली. 'ते उघडतानाच सांगावं लागतंय. ही ओळ बघ.' खाली कोडची एक ओळ. बस. काय उघडताना, कुणाचं काय बिघडलेलं, एक अक्षर नाही.

कारण प्रश्नच नव्हता. कट्ट्यावरची रीतच तशी. उत्तर मिळालं की विचारणाऱ्यानं आपला प्रश्न पुसून टाकायचा. आपला बावळटपणा साठ जणांसमोर कशाला टांगून ठेवा? हुस्नाला सगळे प्रश्न आठवत होते, म्हणून उत्तरं चढवताना तिच्या हे ध्यानातच आलं नाही.

आणि हा एक्केचाळिसावा तर तिचाच होता. गेल्या वर्षीचा, तिला अजून कुणी ताई म्हणत नव्हतं तेव्हाचा. 'माझ्या मराठी अक्षरांना भूतबाधा झालीय का?' ग्रुपभर हसरे चेहरे. तीन मिनिटांत तिनं तो पुसला होता, आणि पुढचा आठवडाभर ग्रुप उघडला नव्हता.

चार पंचवीस.

"राहू दे ताई," जगदेवीचा मेसेज आला. "सगळ्यांना येतंय, मलाच जमत नाही. मी निघते ग्रुपमधून."

गुपचूप उत्तर पाठवलं असतं तर जगदेवीचं काम झालं असतं. पण न येणारी आपण एकटीच, हे तिच्या डोक्यातून गेलं नसतं.

हुस्ना फतकल मारून बसली. एक्केचाळिसाव्या उत्तराच्या डोक्यावर तिनं भूतबाधा जशीच्या तशी लिहिली. खाली जगदेवीचे शब्द जोडले. त्याखाली लिहिलं, 'विचारणारी: हुस्ना'. बटणावर बोट ठेवून तिनं एकदा अम्मीकडे पाहिलं, आणि दाबलं.

"निघू नको. परत शोध," तिनं लिहिलं. "तेच शब्द टाक."

चार चाळीस. चार सेहेचाळीस. पुन्हा चकरा सुरू. अम्मीच्या मशीनचा दोरा तुटला, ओवला गेला, तरी फोन गप्प.

"सापडलं," जगदेवी. "नावं दिसायला लागली. ताई, भूतबाधावाली तू?"

"व्हय, मीच."

"मला वाटलं, तुला आधीपासूनच येतंय सगळं."

मग महिपती काहीतरी लिहू लागला. थांबला. पुन्हा लिहू लागला. आता हा टोमणा कुठून मारतोय, म्हणून हुस्ना ओठ चावत उभी राहिली.

"ते एकशेसातवं हाय न्हवं, 'आधी सेव्ह कर'? त्याचा प्रश्न माझा. चार दिवस फाइल सेव्ह न करताच चालवत बसलो होतो. टाक नावासकट. हसलात तर बघा."

हुस्ना खो खो हसत सुटली.

"अब क्या हुआ गे?" अम्मीनं विचारलं.

"तीनशे दहा प्रश्न राहिले," म्हणत हुस्ना चार्जर शोधायला धावली.